यादीतलं पहिलं नाव

रेणापूर,
९ ऑक्टोबर २०२५

चि. महांतेश यास दाजीचे शरणु शरणार्थी.

तू फोन उचलत न्हाईस म्हणून पत्र लिहून राहिलो. पाकीट तसंच फाडून फेकू नको, आधी वाच. इकडं सगळे बरे हाव. दुकानात सध्या सामसूम, लग्नसराईत भांडी खपतील. तुझ्या अक्काचे गुडघे लई दुखतात.

आपल्या हॉकी टीमचं तुला मालूम झालंच असंल. नांदेडात सहा गोल खाल्ले, लातुरात आठ. तुझ्या जागी आणलेला गोलकीपर उंचापुरा गडी हाय, पण मूग गिळून उभा राहतो. तू कसा मागून बोंबलायचास, "सत्यम, डावीकडं सरक! गाढवा, मागं बघ!" तुझ्या शिव्या खाऊनच ती पोरं धड खेळायची, हे मला आठ गोल मोजल्यावर कळलं. सत्यमनं एकदाच विचारलं, "महांतेशला का काढलं?" तर मी त्यालाही काढला. मॅनेजर मी, मला विचारणारा हा कोण! त्याच्या मागं आणखी तिघं गेले. परवा अकरा गडी भरेनात, सामना न खेळताच माघारी आलो.

बरं, ते जाऊ दे.

पंचमीला तू अक्काला न्यायला आला न्हाईस. ती नवी साडी नेसून, पिशवी भरून सकाळपासून ओट्यावर बसली होती. तुमच्या शिरूरची गाडी येऊन गेली की म्हणायची, "पुढच्या गाडीनं येईल." दिवेलागणीला पिशवी रिकामी केली. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिला वाटायचं, तुला टीमच्या कमिटीनं काढलं आणि तू उगाच आमच्यावर राग धरलास. मीच तिला तसं सांगितलं होतं. तुलाही तेच सांगितलं.

खोटं होतं ते. कमिटीचे अध्यक्ष हणमंतराव, त्यांनी स्वतः यादी लिहून दिली होती आणि त्यात पहिलं नाव तुझंच होतं. पण त्याच दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी बोललं, "वीरण्णाची टीम म्हणजे मेव्हण्याची सोय." सगळे खो खो हसले. माझ्या टाळक्यात गेलं. नऊ वर्षं तू अंगावर चेंडू झेललेस ते आठवलं न्हाई, माझी इज्जत तेवढी आठवली. घरी येऊन तुझ्या नावावर रेघ मारली अन् दुकानाच्या शटरवर यादी डकवली. लोक म्हणाले, "घरच्यालासुद्धा सोडलं न्हाई, माणूस असावा तर असा!" मला ते गोड लागलं, महांतेश. लिहायला लाज वाटते.

आज सकाळी अक्काला सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं अन् एवढंच म्हणाली, "मग भाऊबीजेला मी कुणाला ओवाळू?"

टीम बुडाली तर बुडू दे. खेळायला ये म्हणत न्हाई मी. माझ्या दारात पाय ठेवायचा नसंल तर स्टँडवरच थांब. मी तिला पिशवीसकट आणून सोडतो अन् मागं फिरतो. पण बहिणीला न्यायला ये.

तुझं नाव आपल्या हातानं खोडणारा,
वीरण्णा