शेवटच्या कथेतली उशी

वहिनी,

पिठाच्या डब्यात दादा कधी हात घालत नाही, म्हणून चिठ्ठी इथे. त्याला प्रुफं तपासायला छापखान्यात नेतेय, दुपारपर्यंत गुंतवून ठेवते.

त्याच्या कथांमधला लेखक आधी लिहितो, मग बायकोवर तसंच करून बघतो. लोक म्हणतात, काय भन्नाट प्रयोग! दारात बोटं चेचायची कथा मी टाइप केली, आणि आठवड्यात तुझी बोटं सुजली. काल शेवटची टाइप केली. तीत झोपलेल्या बायकोच्या तोंडावर उशी आहे गं.

पिल्लाला दूध पाजून कडेवर घे, मी भरून ठेवलेली निळी पिशवी उचल, मागच्या दाराने माझ्या शिंपीण मैत्रिणीकडे जा. वळून बघू नकोस.

कथेचा शेवट मी बदललाय. लेखक घरी येतो, तेव्हा उशीवर डोक्याचा नुसता खळगा असतो. एवढं माझं लिहिलेलं खरं कर.

तुझी चोंबडी नणंद