चंदीच्या घशातलं वाडं

प्रिय अंजना,

पत्र घेऊन आलेल्या केरबाला बैल सोडायला लावू नकोस. उभ्या उभ्याच वाच.

आबा गेले. काल सकाळी, इथे सांगलीच्या दवाखान्यात. तुला बोलावलं नाही म्हणून रागावशील, तर रागाव. त्यांनीच मला बजावलं होतं, "अंजीला ह्यातलं कायबी दावू नगंस." कृष्णेच्या पुरात म्हशीची शेपटी धरून पोहणारा माणूस, पण पाण्याचा तांब्या पुढे केला की त्यांच्या घशाला पीळ पडायचा. वाऱ्याची झुळूकही सोसेना. शेवटी मलाही ओळखेनात. मी मोठ्यानं रडलो, लपवत नाही.

तू मागे माहेरी आलीस तेव्हाच आपली चंदी म्हैस बिघडली होती. वैरणीला तोंड लावेना, लाळ सारखी गळायची, रेकणं घोगरं झालं, मागचे पाय लटपटायला लागले. आपण ऊसवाली माणसं, म्हशी उसाच्या शेंड्यावर, वाड्यावर पोसणारी. आपल्याला दुसरं काय सुचणार? "वाडं अडकलंय घशात, दुसरं काय न्हाई," म्हणत आबांनी कोपरापर्यंत हात घातला. मी जबडा धरला होता. हाताला दात लागले, तर आबांनी वर हळद दाबली आणि विसरूनही गेले. चंदी दोन दिवसांत मेली. तिच्या घशात काहीच अडकलं नव्हतं, गं. डॉक्टर म्हणतात, तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं असणार. त्या रोगात घसाच लुळा पडतो, म्हणून गिळता येत नाही. आणि विष सगळं लाळेत.

मग काल डॉक्टरांनी विचारलं, आणखी कुणी हात घातला होता का? मला तुझा हात आठवला. आबांचा हात आणखी आत सरकेना तेव्हा ते म्हणाले होते, "अंजीचा हात बारीक हाय." तू हात घातलास, चंदीच्या दातावर तुझी बांगडी फुटली आणि काच मनगटात रुतली. हंबीरराव दाजी ब्रह्मदेशात लढाईवर आणि बांगडी वाढली म्हणून घरात केवढा कल्लोळ झाला! आईनं देवीला नारळ ठेवला, कासाराला बोलावून तिन्हीसांजेच्या आत तुझा हात भरला. सगळ्यांचा जीव त्यांच्यासाठी टांगणीला लागलेला. तुझ्या रक्ताकडे कुणीच पाहिलं नाही.

आत्ता गाडीत बस. कपडे बांधू नकोस, सासूबाईंना काय सांगायचं ते केरबा सांगेल. उशीर झालाय, डॉक्टर कसलाच शब्द देत नाहीत, आणून तर बघा म्हणतात. मलाही कालपासून पोटात सुया टोचताहेत, म्हणून मी स्वतः आलो नाही. लय दुखतं, खोटं कशाला सांगू? तू ओरड, मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. फक्त ये, अंजे. आबांना जाताना पाहिलंय मी. परत एकदा नाही बघवणार.

दवाखान्याच्या फाटकाशी उभा असलेला,
तुझाच,
कृष्णातदादा