भरणं आणि कोंबणं

५ जाने., सोम.
लोणखेड्याच्या शाळेतून थेट घरी. अब्बांना पेज. पाऊण तासात अर्धी वाटी, त्यातली निम्मी उशीवर. अर्धांगाचा झटका येऊन सहा आठवडे झाले. डॉ. म्हणाले, वजन असंच उतरलं तर नाकातून नळी.
ऐकून घेतलं. हल्ली काही वाटत नाही.

६ जाने.
आठवीचे पेपर. 'गळी उतरवणे', वाक्यात उपयोग करा. एका मुलीने लिहिलंय, 'आईने आजोबांच्या गळी पेज उतरवली.' फुली मारली. अर्थ 'पटवून देणे' असा हवा, दोनदा शिकवलाय.
संध्याकाळी अब्बांचे गाल दाबून चमचा आत सारला. गळा हलेपर्यंत हनुवटी धरून ठेवली. मग हात धुऊन त्या मुलीचा पेपर काढला आणि पूर्ण गुण दिले.

९ जाने., शुक्र.
काल दवाखान्यात नळी घातली. आज दुपारी अब्बांनी ओढून काढली, डाव्या हाताने. तोच एक चालतो. नाकातून रक्त.
पुन्हा दवाखान्यात नेलं. सिस्टर म्हणाल्या, "ताई, हात बांधावा लागेल. मऊ कापडाने बांधा, काही होत नाही."
कुणाला काही होत नाही? नळी न घालताच घरी आणलं.

११ जाने., रवि.
घरात आमची हिंदी. पण अब्बांची पन्नास वर्षं गाद्या भरण्यात आणि गिऱ्हाइकांशी अहिराणी बोलण्यात गेली. झटक्यानंतर हिंदी गेली, अहिराणी राहिली. मला 'माय' म्हणतात. आधी कधी म्हणाले नव्हते.
आज चमचा बघून तोंड फिरवलं. "का कोंबी ऱ्हायनी, माय?"
म्हटलं, भरवतेय, कोंबत नाही.
"गादी भरतस. कोंबतस नही. कोंबी का गाठी पडतस."
दुकानात नव्या कारागिराला हेच सांगायचे. कापूस हाताने मोकळा करून थर लावायचा. घाईत ठासला की वर्षभरात गादीचे गोळे.
"मग कधी भरू?"
"भूक लागू दे."
भूक लागायची वाट किती दिवस बघायची? चीड आली, जरा वेळ. बरं वाटलं, काहीतरी आलं.

१४ जाने., संक्रांत
शेजारच्या वहिनींनी तिळगूळ दिला. चिमूटभर अब्बांच्या ओठाला लावला. चाटला. आणखी दिला तर तोंड बंद.
सुरतहून सलीमभाईचा, माझ्या भावाचा, फोन. नळी घालायचीच, हात बांधायचाच. "तू मास्तरीण, त्यांच्या गळी उतरव." अब्बांच्या गळी मी उतरवायचं, माझ्या गळी तो उतरवतोय. आठवीच्या बाईंना, म्हणजे मलाच, हा उपयोग चालेल.

१६ जाने., शुक्र.
डॉ.कडे. सोमवारी अकरापर्यंत ठरवा. तोंडाने नीट गिळत असतील तर थांबू. नाहीतर नळी, हात बांधून. नळीच्या संमतीच्या कागदावर सही माझी, कारण मी इथे राहते. कागद पर्समध्ये आहे. तीन वेळा वाचला. शब्द सगळे कळतात.

१८ जाने., रवि.
सकाळी भाई आला. शेवया, बिस्किटं, सफरचंदं. अब्बांच्या पायाशी बसून रडला. मला रडू आलं नाही, मी खिचडी टाकली.
त्याने भरवली. अब्बांनी तोंड उघडलं. एक चमचा, दुसरा, असे पाच. दर वेळी मान डोलावली.
"देख, खाते हैं," भाई म्हणाला. "तुझे खिलाना नहीं आता. गुस्से में खिलाती है." खरं असेल. त्याने कागद मागून घेतला, घडी केली, परत दिला. "मत कर साइन." चारच्या बसने गेला. स्टँडवरून पुन्हा फोन, आवाज हलका झालेला.
अब्बांचं तोंड पुसायला बसले. उजवा गाल फुगलेला. बोट घातलं. खिचडी. पाचही चमचे, तशीच, शितं मोडलेली नाहीत.
हळूहळू बोटाने काढली. पाण्याने तोंड धुतलं. ते माझ्याकडे बघत होते.
"सलीमले सांगू नको."
नाही सांगत म्हटलं.
डॉक्टरांना सांगू नको, असं म्हणाले नाहीत. उद्या सोमवार.