सद्भावना संवादात धरलेल्या संमतीबाबत अर्जुना पुकळे यांचा खुलासा

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
आंबेरगाव नगरपंचायत, जि. सांगली.

अर्जदार : अर्जुना बिरदेव पुकळे, धंदा मेंढपाळी व थोडी शेती, रा. बिरोबाचा माळ, आंबेरगाव.

विषय : मा. नगराध्यक्षांच्या सद्भावना संवादात अर्जदारास धर्मगुरू धरल्याबाबत, तसेच विनापरवाना हौदाबाबत खुलासा.

संदर्भ : अर्जदाराच्या दाराला चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार धर्मगुरू नाही. त्याच्या घराण्यात पूर्वी कोणी नव्हते व पुढे कोणी होईल अशी चिन्हे नाहीत. संवादाच्या दिवशी तो आपल्या कार्यालयात आला तो एवढेच विचारायला, की बाजारतळाजवळच्या जनावरांच्या हौदाचा नळ कोणी बंद केला. पिवळा फेटा, खांद्यावर घोंगडी आणि पांढऱ्या मिशा पाहून दारातल्या कर्मचाऱ्याने "या महाराज, तुमचीच वाट बघतोय" म्हणत त्यास सभागृहात नेले. अर्जदार म्हणाला, "आवं, मी मेंढरंवाला हाय." त्यावर "लय साधं हायसा महाराज" असे म्हणून कर्मचाऱ्याने त्याच्या गळ्यात हार घातला. बोलावलेले खरे महाराज लोणंदला अडकले होते आणि रिकामी खुर्ची छायाचित्रात बरी दिसली नसती, हे मागाहून कळले.

२. व्यासपीठावर अर्जदाराच्या एका बाजूला जैन मंदिराचे उपाध्ये बाहुबलीअण्णा, दुसऱ्या बाजूला दर्ग्याचे मुजावर गुलाबभाई आणि पलीकडे महादेवाचे गुरव तानाजी बसले होते. समोर 'नागरी समाज' अशी पाटी लावलेल्या रांगेत मा. नगराध्यक्षांचे मेहुणे, मेहुण्यांचे भागीदार आणि कडेगावहून आलेला मंडपवाला होता. संवाद सुरू झाला. मा. नगराध्यक्ष बोलले. मग पाणी प्याले व पुन्हा बोलले. "लोकांचं ऐकून घेणं हाच माझा धर्म" हे त्यांनी इतक्यांदा ऐकवले, की दुसऱ्या कोणाला काही ऐकवायला सवड उरली नाही.

३. दिवस कलल्यावर ते म्हणाले, की हौदाची जागा गावाच्या तोंडावर घाण दिसते; तो पाडून तिथे सद्भावना कारंजे उभारू. "कुणाला काय बोलायचं हाय का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा अर्जदाराने हात वर केला. त्यास विचारायचे होते, "मग मेंढरं कुठं पाजायची?" बाहुबलीअण्णांनीही हात वर केला, कारण सूर्य मावळण्याआधी त्यांना घरी जाऊन जेवायचे होते. गुलाबभाईंना बोलायला माईक हवा होता. तानाजी गुरवांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यांना फक्त उठायचे होते. चार हात वर गेले, छायाचित्र निघाले, टाळ्या पडल्या आणि राष्ट्रगीत लागले. राष्ट्रगीत चालू असताना प्रश्न विचारायचे नसतात, एवढे अर्जदारास कळते. दुसऱ्या दिवशी छापून आले : 'हौद हटवण्यास धर्मगुरूंचा हात उंचावून एकमुखी पाठिंबा'. खाली अर्जदाराचे नाव होते 'श्री अर्जुननाथ महाराज'.

४. त्याच आठवड्यात हौद पाडला गेला. कारंजे अद्याप आलेले नाही, खड्डा आलेला आहे. मेंढरे ओढ्यापलीकडच्या विहिरीवर न्यावी लागली. त्या उन्हात दोन गाभण मेंढ्या वाटेत बसल्या त्या उठल्याच नाहीत. अर्जदार त्यांच्यापाशी बराच वेळ बसून होता. इकडे अर्जदाराच्या घरी मात्र भाविक येऊ लागले. पलूसहून एक जण नवी मोटारसायकल ओवाळून घ्यायला आला. अर्जदाराची पत्नी हरणाबाई त्याला म्हणाली, "पाया मागनं पड, आदी दोन घागरी वडून दे." त्याने दिल्या. तो पुन्हा आला नाही.

मध्यंतरी आपल्या कार्यालयातील शिवांजलीताई मोबाईल घेऊन संवादावर नागरिकांची मते गोळा करत फिरल्या. मुलगी बिचारी भली आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. तिने हरणाबाईस विचारले, "मावशी, अध्यक्षांचा संवाद कसा वाटला?"

"कुणाकुणाचा?"

"अध्यक्षांचा. लोकांबरोबर."

"बोलत त्येच हुतं म्हणं. मग त्यांस्नीच इचार की बाई."

मोबाईलमध्ये 'उत्तम' आणि 'अतिउत्तम' एवढीच दोन उत्तरे होती. हरणाबाईच्या नावावर 'उत्तम' पडले. न्हाव्याने "च्या बरा हुता" असे सांगितले, त्याच्या नावावर 'अतिउत्तम'. त्यावरून नागरिक भारावून गेल्याचा अहवाल आपण मंत्रालयात धाडल्याचे समजते.

५. आता नोटिशीविषयी. १ मार्चला, रविवारी सकाळी, बाहुबलीअण्णा माळावर आले. म्हणाले, "अर्जुना, माझ्या हातानं जनावराचं पाणी तुटलं, मला जेवण जाईना झालंय." त्यांच्यामागून गुलाबभाई सिमेंटची पोती घेऊन आले, नि गुरव थापी घेऊन. कोणी कोणाला बोलावले नव्हते. अर्जदाराने आपल्याच जमिनीतले दगड दाखवले. अण्णांना कालवता येत नव्हते, म्हणून गुलाबभाईंनी त्यांना पाणी ओतायला लावले. गुरवांनी एक बाजू वाकडी बांधली. ती पाडून त्यांनीच पुन्हा बांधली. दिवसभरात "दगड दे" आणि "जरा सरक" याखेरीज बोलणे झाले नाही. सद्भावनेचा विषयही निघाला नाही. सिमेंट सुकल्यावर शेजारच्या बोअरवरून पाइप जोडला. हौद भरला तेव्हा गुलाबभाई कठड्यावर बसून रडले, आणि आम्ही तिकडे बघितले नाही.

हा हौद विनापरवाना आहे, हे अर्जदारास कबूल आहे. परवाना मागायला यावे तर पुन्हा एखादी खुर्ची रिकामी असायची, ही भीती होती.

सबब विनंती, की अर्जदाराचे नाव धर्मगुरूंतून काढून मेंढरंवाल्यांत घालावे. नवा हौद पाडायचाच झाल्यास यंत्र दुपारच्या वक्ताला पाठवावे. तेव्हा मेंढरे पाण्यावर असतात. नगराध्यक्ष साहेबांनी समक्ष यावे, आणि मेंढरांच्या तोंडासमोर पाडावे.

कळावे, ही कळकळीची इच्छा.

कुठल्याही गादीचा महाराज नसलेला,
अर्जुना बिरदेव पुकळे

(सांगितल्याप्रमाणे लिहून देणार : नात, समीक्षा)

दि. ९ मार्च २०२६