घराचं मोहरं

सातारा, ६ जानेवारी २०२५

साडूभाऊ भाऊसो यांस,
कृष्णातचा स.न.वि.वि. पत्राला महिना लागला, माफ करा. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. 

सांगलीच्या त्या साठीपुढच्यांच्या स्पर्धेत माझं प्यादं तुमच्या घोड्याच्या घरात पोचलं आणि मी घोडा मागितला. तासगावला मामांनी आपल्या दोघा जावयांना तसंच शिकवलं होतं, ज्या घरात पोचेल त्या घराचं मोहरं. डाव हरल्यावर मागच्या बाकावरचा एकजण हसला, की आजोबा, वजीर घ्यायचा होता, आता तो कुठल्याही घरात मिळतो. मला कुठलं ठाऊक? तुम्ही दरसाल खेळता, तुम्हाला ठाऊक होतं. तरी गप्प बसलात, आणि वर तुमचं प्यादं नेऊन केलेल्या हत्तीनं मात दिलीत. त्या रागात तुमच्या घरी आक्काताईंनी वाढलेलं ताट टाकून एसटी धरली.

आता बावीसला मिरजेत डोळ्याचं ऑपरेशन आहे. एक डोळा आधीच गेलाय, हाही बिघडला तर? आमची रंगुबाई म्हणते, उतरायचं आक्काताईंकडं, बहिणीकडंच. तिला ताटाचं सांगितलेलं नाही. कळवलं का म्हणून रोज विचारते. लय थकलोय. पूर्वीइतका लोभ मागत नाही, आठ दिवस उतरण्यापुरता ठेवा.

आपला,
कृष्णात


सांगली, ११ जानेवारी २०२५

कृष्णातराव यांस,
भाऊसोचा नमस्कार. पत्र वाचून आक्काताई मलाच बोलली, की माणूस उपाशी गेला आणि महिनाभर विचारलं न्हाई, कसलं साडू तुमी!

ठाऊक होतं, खरं आहे. पण डाव चालू असताना समोरच्याला सांगता येत नाही, पंच शेजारीच उभे होते. तुम्ही घोडा मागितलात आणि मला मामाच दिसले. म्हणून माझं प्यादं हत्तीच्या घरात पोचलं तेव्हा हाताशी असलेला वजीर मी बाजूला सारला आणि हत्ती मागून घेतला. मोठ्यानं मागितला, तुम्हाला कळावं म्हणून. तुम्ही मान वर केली नाहीत. मला वाटलं राग. वजीर सारलेला तुम्हाला दिसलाच नसेल, हे डोळ्याचं वाचून आज कळलं. तुम्ही गेल्यावर तो बाकावरचा मलाही हसला, दोघं एकाच शाळेतले काय म्हणून. व्हय म्हणालो.

वीसलाच या. पट्टी सुटेपर्यंत पट काढायचा नाही, अशी आक्काताईची ताकीद आहे. तुमचं ताट अजून तुमच्याकडं बाकी आहे, म्हणते. लोभाचं मोजमाप पुन्हा करू नका. कुठल्या एसटीनं येता तेवढं लगेच कळवा, स्टँडवर उभा राहतो.

तुमचा,
भाऊसो