दोन जोड कॅम, एकाच खोक्यातले

३ जानेवारी १९७४, गुरुवार. सुट्टी.
नवीन वर्षाचा संकल्प : मूर्खांशी वाद घालायचा नाही. दुपारी दोनपर्यंत पाळला. मग सयाजी आला. माझा भाचा, भोसरीत टूलरूमला ग्राइंडर. पुढच्या महिन्यात मद्रासजवळ शोलावरमला मोटारसायकलींची रेस आहे, तिथे स्वतःची बुलेट घेऊन उतरणार. तीन वर्षं रजा साठवलीये, कधी नव्हे ती एंट्री मिळालीये. इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडावेत म्हणून मद्रासच्या दुकानातून अस्सल रेसिंग कॅम मागवलेत म्हणे. लेबलाला भुलणारी पिढी. दापोडीचा साहेबराव जुने कॅम पुन्हा ग्राइंड करून हुबेहूब तसेच बनवतो, पाव किमतीत. सयाजी गेल्यावर मद्रासला पत्र टाकून त्याची ऑर्डर रद्द केली. सही त्याचीच केली. वडीलकीच्या नात्यानं चालतं.

६ जानेवारी.
साहेबरावकडे. एकाच खोक्यातून दोन जोड घेतले. एक सयाजीला, एक माझ्या बुलेटला. साहेबराव म्हणाला, तुमच्यासारखी नजर असलेली गिऱ्हाइकं कुठं राहिलीत राव. माणूस अडाणी, पण पारख आहे. मोजून घेतले नाहीत. कंपनीत पंधरा वर्षं इन्स्पेक्शन केल्यावर मायक्रोमीटर डोळ्यातच असतो.

७ जानेवारी.
सयाजीला जोड दिला आणि ऑर्डर रद्द केल्याचंही सांगितलं. बराच वेळ कॅम हातात फिरवत बसला. मग म्हणाला, बरं मामा. उपकारानं बोलता येईना बिचाऱ्याला. त्याची आई, म्हणजे आमची अक्का, मध्येच म्हणाली, हिंदुराव, पोराचं वरीस वाया जाणार न्हाई ना? गिरजाअक्का माझ्याहून मोठी आहे म्हणून ऐकून घेतलं.

१० जानेवारी, गुरुवार.
धोंडीबा मिस्त्रीकडून माझे कॅम बसवून घेतले. आधी त्यावर कानस लावून बघायला निघाला होता. म्हणतो, साहेब, वरचं कडक कवच घासून काढलंय, आत समदं मऊ हाय, चार दिवसांत झिजंल. शाळा चौथी! कानस काढून घेतली हातातून. तोंड वाकडं करून बसवले एकदाचे.

११ जानेवारी.
तेविसाव्या किकला चालू. उभी राहिली की बंद पडते. रेसिंग कॅम उभं राहण्यासाठी नसतातच, हे धोंडीबाला कोण सांगणार. आवाज जरा टकटक येतो. शेजारच्या मंजुळाबाईंनी विचारलं, पिठाची गिरणी टाकली का? उत्तर दिलं नाही. संकल्प.

२० जानेवारी.
सौ. कौशल्येला घेऊन देहूरोडला निघालो. चढावर गाडी मागे यायला लागली. तिला उतरून चालायला सांगितलं. तिचं म्हणणं, सहा वर्षं हीच गाडी आपल्या दोघांना नेत होती. माझं म्हणणं, सहा वर्षांत तू काय तशीच राहिलीस का? परतताना बसनं आली. बायकांना यंत्रातलं समजावू नये.

२२ जानेवारी.
मुद्दाम भोसरीला जाऊन सयाजीची बुलेट ऐकली. वा! उभ्या जागी शांत चालते, सोडली की सुटते. म्हणजे सिद्ध झालं. इन्स्पेक्शनचा नियमच आहे : लॉटमधला नमुना पास तर लॉट पास. कॅम एकाच खोक्यातले, त्याचे चालतात, म्हणजे माझे उत्तमच आहेत. दोष धोंडीबाच्या हाताचा. सयाजीला म्हटलं, बघ, मामानं काय चीज दिली. तो चाकाची तार पुसत राहिला. लाजाळू आहे.

१ फेब्रुवारी.
धोंडीबानं ऑइल काढून त्यात लोहचुंबक फिरवला. काळी लोखंडी पूड चिकटून आली. म्हणाला, ह्यो बघा तुमचा कॅम. नवीन वस्तू जागेवर बसताना थोडी झिजतेच. मिस्त्री बदलायला हवा.
खात्यातल्या पाच जणांनी असेच कॅम आणून द्यायला सांगितलंय. वैयक्तिक गॅरंटी दिली.

६ फेब्रुवारी.
सयाजी गाडीसह मद्रासला रवाना. स्टेशनवर त्याला सांगितलं, पुढे पाहा, मागे पाहू नकोस. बाकी कॅम बघून घेईल.

११ फेब्रुवारी.
तार आली. साडेतीनशे सीसीत तिसरा!! पहिल्या दोघांकडे परदेशी माल असणार, नाहीतर काय. खात्यात पेढे वाटले. फळ्यावर खडूनं कॅमची आकृती काढून समजावलं. ऑर्डरी आता आठ.
दुपारी पहिली पाळी सुटताना गेटसमोर माझी गाडी बंद. ढकलत नेली. चार-पाचशे लोक सायकली थांबवून बघत होते. पेट्रोलमध्ये भेसळ.

१४ फेब्रुवारी, गुरुवार.
आळीत सयाजीचा सत्कार. मी पाऊण तास बोललो. यशाचं श्रेय कॅमनिवडीला कसं जातं हे मुद्देसूद मांडलं. सयाजी दोनच वाक्यं बोलला. आईचे आभार, मामांचे आभार. मान खाली. वक्तृत्व घराण्यातच नाही, अपवाद मी.

१७ फेब्रुवारी.
माझं इंजिन आता चालूच होत नाही. कॅमची टोकं गोल झालीत, म्हणतो धोंडीबा. विचार केला, सयाजीची रेस तर झाली, त्याच्याकडचा पास झालेला जोड आपण वापरावा.
गेलो. मागितला. सयाजी आत गेला आणि कागदाचा पुडा घेऊन आला. उघडला. कॅम. साहेबरावच्या ग्रीससकट. एक ओरखडा नाही.
म्हटलं, मग रेसला काय घातलं होतंस?
म्हणाला, जुनेच, मामा. गाडीबरोबर आलेले. मी दिवसभर ग्राइंडिंगच करतो ना, यांचं कवच गेलंय हे हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं.
मग सांगितलं का नाहीस?
अक्कानंच सांगितलं. तुला काय सांगायचं हिंदुराव, तू आयकतोस व्हय कुणाचं? मद्रासला पुन्यांदा लिवलं त्यानं, पर त्यांनी माल दुसऱ्याला दिला हुता. जुन्यावर तिसरा आला माझा पोरगा. चांगलं असतं तर पैला आला असता. तीन वर्षं घरी एक दिवस बसला न्हाई रं तो.
सयाजी म्हणाला, जाऊ दे आई, मामांनी चांगल्यासाठीच केलं. हे त्यानं बोलायला नको होतं. ती बोलली ते सोसलं असतं.
उद्या खात्यात आठ जणांना तोंड दाखवायचंय.
सयाजीनं त्याच बुलेटवरून घरी सोडलं. मागे बसलो होतो. जुन्या कॅमवर गाडी फार सुरेख चालते. त्याला सांगावंसं वाटलं. दारात उतरलो, सांगितलं नाही.