घासलेली खाच

कानिफनाथ भाऊजी,

हे गेल्यावर तुम्ही बजावलं होतं, "वहिनी, दादाचा रोलचा कॅमेरा हाय तसाच ठेवा."

आपल्या रुपालीच्या बाळाच्या बारशाचे फोटो ह्यांच्याच कॅमेऱ्यानं काढावेत असं मला वाटलं. फ्लॅश कॅमेऱ्यावरच्या खाचेत बसेना, म्हणून मी कानशीनं खाच घासली. रंग उडून पितळ उघडं पडलं.

मग बॅगेत रोल शोधताना एका डबीत ह्यांनी बनवलेली जोडपट्टी सापडली. ती खाचेत सरकवली की तिच्यावर फ्लॅश बसायचा, कॅमेऱ्याला ओरखडाही नाही. फ्लॅश कसा बसवता, हे मी ह्यांना कधी विचारलंच नव्हतं.

हे पत्र टाकायचा धीर नाही. रविवारी बारशाला याल तेव्हा मी फ्लॅश लावूनच ठेवीन. भाऊजी, तो काढू नका.

तुमची वहिनी,
भिंगार